ढगाचे बी : स्कॉटलंडमधील पाच दिवस

रसायनशास्त्र शिकवण्यात माझी तेहतीस वर्षे गेली आणि त्या काळात ‘हवा’ हा धडा किती वेळा शिकवला, याची गणती नाही. नायट्रोजन ७८ टक्के, ऑक्सिजन २१ टक्के, उरलेल्या १ टक्क्यात आर्गॉन आणि बाकीचे वायू, एवढे फळ्यावर लिहिले की हवेचा हिशेब पुरा होत असे. हवेत तरंगणारे बारीक घन आणि द्रव कण या हिशेबात कुठेच येत नसत. माझी भाची मुक्ता मात्र गेली काही वर्षे याच कणांवर, म्हणजे एरोसॉलवर, संशोधन करते आहे. सप्टेंबरमध्ये तिला आठवडाभर सवड मिळाली तेव्हा बेत तिनेच मांडला. “मावशी, हे कण सुरुवातीच्या काळात ज्या डोंगरावर आणि ज्या किनाऱ्यावर मोजले, तिथे जाऊन येऊ या,” ती म्हणाली. साठी ओलांडलेल्या माझ्या गुडघ्यांनी थोडी कुरकूर केली, पण मी लगेच हो म्हटले.

पहिला दिवस : एडिंबरा

वेव्हर्ली स्थानकातून बाहेर पडताच समोर कादंबरीकार वॉल्टर स्कॉटचे स्मारक उभे राहते. सुमारे ६१ मीटर उंचीचे हे नक्षीदार दगडी शिखर काळेकुट्ट दिसते, आणि पहिल्या नजरेला हा दगडाचाच रंग वाटतो. प्रत्यक्षात तो वालुकाश्म आहे आणि त्याच्यावर कोळशाच्या धुराची वर्षानुवर्षांची पुटे चढलेली आहेत. घराघरांतल्या शेगड्यांनी या शहराला फार पूर्वीच ‘ऑल्ड रीकी’, म्हणजे ‘म्हातारी धुरकट’, हे नाव मिळवून दिले होते आणि शेजारच्याच स्थानकातल्या वाफेच्या इंजिनांनी पुढे त्या धुरात भर घातली. मुक्ताने कठड्यावरून बोट फिरवून दाखवले, पण बोटाला काही लागले नाही, कारण ही काजळी आता दगडात मुरलेली आहे. हवेतला कण शेवटी कुठे जातो, या प्रश्नाचे एक उत्तर इथे भर चौकात उभे आहे.

या स्मारकाशी रसायनशास्त्राचे एक नातेही जोडलेले आहे. १७७२ मध्ये नायट्रोजन ओळखणारा डॅनिएल रदरफर्ड हा वॉल्टर स्कॉटचा मामा होता. त्याचे गुरू जोसेफ ब्लॅक यांनी १७५० च्या दशकात ‘स्थिर हवा’, म्हणजे आपला कार्बन डाय ऑक्साइड, वेगळी करून दाखवली होती. रदरफर्डने बंद भांड्यातल्या हवेत आधी श्वसन आणि मग ज्वलन घडवून ऑक्सिजन संपवला, उरलेल्या हवेतला कार्बन डाय ऑक्साइड अल्कलीत शोषून घेतला, आणि तरीही जी हवा मागे राहिली व जिच्यात ज्योत विझत होती, तिची नोंद केली. हवा हे एकच मूलतत्त्व नाही, ही गोष्ट ज्या थोड्या ठिकाणी हाताने सिद्ध झाली, त्यांतले हे शहर एक आहे. दुपारी आम्ही ग्रेफ्रायर्स चर्चच्या दफनभूमीत गेलो. ब्लॅक आणि त्यांचे मित्र जेम्स हटन दोघेही तिथेच विसावले आहेत. हटन भूगर्भशास्त्रज्ञ म्हणून प्रसिद्ध असले तरी १७८४ मध्ये त्यांनी पाऊस कसा पडतो यावरही एक निबंध वाचला होता. वेगवेगळ्या तापमानांच्या दोन दमट हवा एकमेकींत मिसळल्या की त्यांतले बाष्प जादा होते आणि थेंब बनतात, असा त्यांचा विचार होता. विचार चांगला होता, पण थेंब कशावर बनतो हा प्रश्न तेव्हा कोणी विचारलाच नव्हता. आमची पुढची सगळी सहल याच प्रश्नामागे होती.

संध्याकाळी आर्थर्स सीट या टेकडीवर चढलो तेव्हा ऊन होते. माथ्यावर पोहोचेपर्यंत पूर्वेकडून, समुद्रावरून, पांढरी भिंत सरकत आली आणि दहा मिनिटांत शहर, किल्ला, आमच्या पायांखालची वाट असे सगळेच पुसले गेले. या धुक्याला इथे ‘हार’ म्हणतात. उबदार दमट हवा थंड उत्तर समुद्रावरून वाहताना गार होते, तिच्यातल्या कणांवर पाणी बसते आणि ते धुके वाऱ्याबरोबर जमिनीवर येते. मुक्ताकडे तळहातावर मावणारे, लेझर प्रकाशावर चालणारे एक कणमापक यंत्र होते. दुपारी ते घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमच्या आसपास दाखवत होते, आणि हार आल्यावर आकडा भराभर चढू लागला. मी घाबरून प्रदूषणाचे विचारले, तेव्हा तिने आकड्यावर विश्वास ठेवू नकोस, असे सांगितले. हे यंत्र कणावरून विखुरलेला प्रकाश मोजते. पाण्याचा थेंब आणि काजळीचा कण यांत त्याला फरक करता येत नाही. ज्यांच्या घरी असे छोटे यंत्र आहे, त्यांनी धुक्याच्या सकाळचा आकडा याच जाणिवेने वाचावा.

दुसरा दिवस : कार्लोप्स आणि ऑकेनकॉर्थचा माळ

एडिंबराच्या दक्षिणेला पेंटलंड टेकड्यांची रांग आहे आणि तिच्या पायथ्याने बस जाते. याच टेकड्यांजवळच्या एका शेतघरात १८६९ मध्ये सी. टी. आर. विल्सन जन्मले आणि १९५९ मध्ये कार्लोप्स या छोट्या गावी त्यांचे निधन झाले. मेघकक्ष, म्हणजे क्लाउड चेंबर, बनवून १९२७ चे नोबेल मिळवलेला हा माणूस. त्यांची मुख्य गोष्ट चौथ्या दिवसाची आहे, म्हणून इथे थांबत नाही.

कार्लोप्सपासून पाच-सहा किलोमीटरवर ऑकेनकॉर्थ मॉस नावाचा पीटचा, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांचा, दलदली माळ आहे. हवेच्या रसायनाची नोंद ठेवणारे ब्रिटनमधले एक महत्त्वाचे केंद्र या माळावर आहे. आत जाण्याची परवानगी आम्ही मागितली नव्हती, त्यामुळे टॅक्सीने जाऊन माळाच्या कडेला उभे राहिलो. बारीक पाऊस होता. इतका बारीक, की तो पडत नव्हता, नुसता अंगाभोवती फिरत होता. टॅक्सीवाल्या काकांनी या पावसाला ‘स्मर’ म्हणतात हे सांगितले आणि एकूण अशा करड्या, ओल्या, उदास दिवसाला ‘ड्रीख’ म्हणतात हेही शिकवले. थेंबाच्या आकारानुसार पावसाला वेगळा शब्द असणाऱ्या लोकांमधूनच थेंबाचा अभ्यास सुरू झाला, याचे मला त्या क्षणी काहीच नवल वाटले नाही.

या केंद्रातल्या एका उपकरणाची रीत मुक्ताने पावसात उभे राहून समजावली, आणि ती ऐकून मी भिजणे विसरले. हवा आत ओढली की आधी ती ओल्या, फिरत्या नळीतून जाते. अमोनिया, नायट्रिक आम्ल, सल्फर डाय ऑक्साइड असे वायू त्या ओलाव्यात विरघळून बाजूला होतात आणि कण मात्र सरळ पुढे निघून जातात. पुढे त्यांच्यावर वाफ सोडली जाते. प्रत्येक कणावर पाणी चढते, कण फुगून थेंब होतो, जड होतो आणि गोळा करता येतो. मग त्या पाण्यात सल्फेट किती, नायट्रेट किती, अमोनियम किती, हे दर तासाला मोजले जाते. “थोडक्यात, यंत्राच्या पोटात दर तासाला एक ढग बनवतात,” ती म्हणाली.

अमोनियाची गोष्ट या माळावर विशेष महत्त्वाची आहे. शेणखत, मलमूत्र आणि खते यांतून अमोनिया हवेत जातो, तिथे त्याला सल्फ्युरिक आणि नायट्रिक आम्ले भेटतात, आणि दोन वायूंतून घन क्षार जन्माला येतो. फळ्यावर मी अमोनियम नायट्रेटचे समीकरण शेकडो वेळा लिहिले, पण ती क्रिया आपल्या डोक्यावरच्या हवेत घडते, थंडीत कण टिकतो आणि ऊब आली की पुन्हा वायू होऊन उडून जातो, हे कधी सांगितले नाही याची खंत वाटली. जवळच्याच व्हिम नावाच्या दलदलीत २००२ पासून मुद्दाम अमोनिया सोडून वनस्पतींवर होणारा परिणाम तपासला जातो. अमोनियाच्या झोताजवळचे शेवाळ, दगडफूल आणि हेदरची झुडपे मरत गेल्याचे तिथे दिसले आहे.

टीप एवढीच, की या भागात बसच्या फेऱ्या विरळ आहेत. परतीची वेळ आधी पाहून ठेवावी आणि बुटांत पाणी शिरणार हे गृहीत धरून मोजे जास्त न्यावेत.

तिसरा दिवस : फॉल्कर्कवरून फोर्ट विल्यम

एडिंबरा ते ग्लासगो या मार्गावरच फॉल्कर्क येते आणि तिथे आम्ही दोन तास उतरलो. हवेतले कण मोजण्याचे यंत्र बनवणारे जॉन एटकन १८३९ मध्ये याच गावात जन्मले आणि १९१९ मध्ये इथेच वारले. त्यांनी ग्लासगोत अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले, जहाजबांधणीत उमेदवारी केली, पण प्रकृती ढासळली आणि ते घरी परतले. घरातच प्रयोगशाळा आणि कार्यशाळा थाटून, कोणत्याही विद्यापीठाची नोकरी न करता, ते आयुष्यभर दव, धुके, धूळ आणि ढग यांवर काम करत राहिले. गावात त्यांच्या खुणा शोधायला आम्ही फार वेळ दिला नाही. एका चहाच्या दुकानात ओटकेक आणि चीज खाताना मालकीणबाईंना त्यांचे नाव विचारले तर त्यांनी ते कधी ऐकले नव्हते. मुक्ताने त्यांना सांगितले, की ०.१ मायक्रोमीटरहून (एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान कणांच्या एका वर्गाला जगभरचे शास्त्रज्ञ आजही ‘एटकन कण’ म्हणतात. बाईंनी ते कागदाच्या रुमालावर लिहून घेतले आणि गल्ल्याशेजारी चिकटवले.

ग्लासगोहून फोर्ट विल्यमला जाणारी गाडी पावणेचार तास घेते आणि डाव्या बाजूची जागा मिळाली तर सरोवरे चांगली दिसतात. रॅनकचा विराण माळ ओलांडताना कॉरर हे स्थानक येते. ते ४०८ मीटरवर आहे आणि त्याच्या आसपास मैलोगणती मोटाररस्ता नाही. खिडकीबाहेर ढग इतके खाली होते, की गाडी अधूनमधून त्यांच्यातूनच जात होती.

रात्री फोर्ट विल्यमच्या घरगुती निवासात जेवण झाल्यावर मुक्ताने प्लास्टिकची पारदर्शक बाटली मागून घेतली. तळाशी कोमट पाण्याचा एक घोट ओतून झाकण घट्ट लावले, बाटली दाबली आणि सोडली. दाब सुटला की आतली हवा प्रसरण पावते, गार होते आणि तिच्यातले बाष्प जास्तीचे होते. तरीही डोळ्यांना जवळजवळ काहीच दिसले नाही. मग तिने एक काडी पेटवून विझवली, धुराची एक बारीक रेघ बाटलीत जाऊ दिली आणि पुन्हा दाबून सोडली. बाटलीत पांढराशुभ्र ढग उभा राहिला. दाबला की नाहीसा, सोडला की पुन्हा हजर. घरमालकीण आजी हातातली भांडी तशीच ठेवून खुर्ची ओढून बसल्या आणि त्यांनी तो ढग स्वतःच्या हातांनी दहा-बारा वेळा केला आणि मोडला.

पाणी तेच, हवा तीच, गारवा तोच. फरक फक्त धुराच्या कणांचा. फ्रान्समध्ये कुलिए यांनी १८७५ मध्ये आणि त्यांच्या कामाची कल्पना नसताना एटकन यांनी १८८० च्या सुमारास हेच पाहिले. बाष्पाला बसायला जागा लागते, आणि ती जागा हवेतला कण देतो. हवेत कण नसते तर धुके नाही, ढग नाही, बहुधा पाऊसही नाही. पाणी थेट झाडांवर, भिंतींवर आणि आपल्या कपड्यांवर चढले असते, हा निष्कर्ष एटकन यांनी तेव्हाच काढला. पुढे त्यांनी या युक्तीचे मापक बनवले. पितळी डब्यात थोडी हवा घ्यायची, ती कणरहित हवेत मिसळून विरळ करायची, पंपाने प्रसरण घडवायचे, प्रत्येक कणावर एक थेंब धरायचा, आणि मिलिमीटरचे चौकोन आखलेल्या चकचकीत पट्टीवर पडलेले थेंब भिंगातून मोजायचे. एक थेंब म्हणजे एक कण. आजची आधुनिक कणमोजणी यंत्रे पाण्याऐवजी बहुतेक ब्युटेनॉलची वाफ वापरतात आणि डोळ्याऐवजी प्रकाशाचा झोत, पण तत्त्व तेच आहे. मुक्ताचे लेझरचे यंत्र साधारण ०.३ मायक्रोमीटरखालचे कण पाहूच शकत नाही, म्हणजे १८९० च्या सुमाराचा तो पितळी डबा त्याहून कितीतरी सूक्ष्म कण मोजत होता. अदृश्य कणाला पाहायचे तर त्याच्यावर ढग चढवावा लागतो, हे मला त्या रात्री खऱ्या अर्थाने कळले.

चौथा दिवस : बेन नेव्हिस

सकाळी साडेसहाला निघालो. ब्रिटनमधला हा सर्वोच्च डोंगर १,३४५ मीटर उंच आहे. आकडा छोटा वाटतो, पण चढाई जवळजवळ समुद्रसपाटीपासून सुरू होते. नदीवरचा पादचारी पूल, मग दगडी पायऱ्या, मग मधल्या तळ्याजवळची सपाटी, मग रेड बर्न हा ओढा आणि त्यापुढे नागमोडी वळणांची कंटाळवाणी चढण. ही वाट पर्यटकांसाठी नव्हे, तर १८८३ मध्ये माथ्यावरच्या वेधशाळेसाठी घोड्यांवरून सामान नेता यावे म्हणून बांधली गेली. त्याआधी क्लेमेंट रॅग या हवामान निरीक्षकाने १८८१ आणि १८८२ चे उन्हाळे रोज पहाटे निघून माथा गाठला, वाटेत आणि वर नोंदी घेतल्या आणि परत खाली उतरला. एकदा चढतानाच माझा श्वास भात्यासारखा चालला होता, म्हणून रोज या शब्दापाशी मी बराच वेळ अडखळले.

मधल्या तळ्याजवळ सत्तरीचे एक स्थानिक गृहस्थ पाठपिशवी ठेवून बसले होते. त्यांच्याजवळ थर्मासमध्ये चहा होता आणि त्यांनी तो आम्हाला आग्रहाने दिला. बोलता बोलता कळले, की २०१७ मध्ये वेधशाळेच्या जुन्या वह्यांतल्या नोंदी संगणकात उतरवण्यासाठी ज्या हजारो स्वयंसेवकांनी हात लावला, त्यांतले ते एक होते. ऑक्टोबर १८८३ ते १९०४ अशी जवळजवळ २१ वर्षे माथ्यावर दर तासाला, दिवसा आणि रात्रीही, तापमान, दाब, वारा, पाऊस यांची नोंद झाली. आकडे टिपताना काय लक्षात राहिले, असे मी विचारले. रात्री दोनच्या आणि तीनच्या रकान्यांतही आकडा असायचा, हेच लक्षात राहिले, असे ते म्हणाले. कंदील घेऊन, बर्फात आणि वादळात बाहेर पडलेला एक माणूस त्या प्रत्येक रकान्यामागे आहे, आणि हे सांगताना त्या गृहस्थांचा आवाज हलका झाला होता.

हजार मीटरच्या थोडे वर आम्ही ढगात शिरलो. खाली १४ अंश होते, वर ३ अंश आणि झोंबणारा वारा. माथा म्हणजे दगडगोट्यांचे मोठे पठार आहे आणि त्यावर वेधशाळेच्या पडक्या भिंती उभ्या आहेत. हिवाळ्यात दार बर्फाखाली गाडले जाई म्हणून बाहेर पडायला एक मनोरा बांधलेला होता. आता तिथे संकटात सापडलेल्यांसाठी एक छोटा निवारा आहे. पैशांअभावी १९०४ मध्ये वेधशाळा बंद झाली. सर्वसामान्य पाहुण्याला हा दगडांचा ढिगारा वाटेल. पण भिंतीच्या आडोशाला बसून मी त्या ओल्या दगडावर हात ठेवला तेव्हा माझे डोळे भरून आले, हे मी लपवत नाही.

एटकन यांचे कणमापक १८९० मध्ये या माथ्यावर आले. इथल्या निरीक्षकांना दिसले, की एकाच डोंगरावर, एकाच निवांत भासणाऱ्या हवेत, कणांची संख्या कधी जवळजवळ शून्यावर येते आणि कधी घन सेंटिमीटरला हजारोंच्या घरात जाते. हवा कुठल्या दिशेने, कुठल्या गावांवरून किंवा समुद्रावरून आली आहे आणि खालची हवा वर चढली आहे का, यावर ते ठरत होते. स्वच्छ दिसणारी हवा रिकामी असते हा समज इथे मोडला. आज शहरांच्या हवेत घन सेंटिमीटरला दहा हजारांपासून लाखापर्यंत कण सापडतात, आणि दूर महासागरावर ते काहीशे असतात.

सप्टेंबर १८९४ मध्ये पंचवीस वर्षांचे विल्सन दोन आठवड्यांसाठी बदली निरीक्षक म्हणून इथे राहिले. माथ्याभोवती ढग आणि त्यावर सूर्य, अशा वेळी आपल्या सावलीभोवती पडणारी रंगीत वलये त्यांनी पाहिली, आणि ती प्रयोगशाळेत करून पाहावीत म्हणून केंब्रिजला परतल्यावर काचेच्या भांड्यात ढग बनवायला सुरुवात केली. त्यांनी हवेतले सगळे कण आधी काढून टाकले. मग त्यांना आढळले, की अशा कणरहित हवेतही बाष्प संपृक्ततेच्या, म्हणजे हवा सामावू शकते त्या मर्यादेच्या, सुमारे चौपट झाले तर थोडे थेंब पडतातच, आणि हे थेंब विद्युतभारित आयनांवर बसतात. आठपटीच्या आसपास तर दाट ढगच होतो. खऱ्या ढगात बाष्पाचा हा जादा भाग क्वचितच एका टक्क्याहून अधिक असतो, यावरूनच कणांची मदत किती मोलाची आहे हे ध्यानात येते. वलयांसाठी सुरू झालेले हे काम १९११ मध्ये किरणोत्सारातून सुटणाऱ्या आल्फा आणि बीटा कणांचे माग छायाचित्रात पकडण्यापर्यंत गेले. अणूच्या आतल्या जगाचा एक दरवाजा या दगडी पठारावरच्या ढगातून उघडला.

आम्हाला वलये दिसली नाहीत, सूर्यच नव्हता. पण मुक्ताने मला माझ्या लोकरी हातमोज्याकडे पाहायला सांगितले. वाऱ्याकडच्या बाजूने लोकरीच्या प्रत्येक सुट्या धाग्यावर थेंबांची ओळ लागली होती, आणि वाऱ्याच्या आडोशाची बाजू पूर्ण कोरडी होती. तिने दहापट मोठे दाखवणारे भिंग दिले. भिंगात मोठे थेंब वाटाण्यासारखे दिसत होते आणि त्यांच्या मधल्या जागेत बारीक थेंबांची रांगोळी. पाहता पाहता दोन शेजारचे थेंब थरथरले, एक झाले, जड होऊन धाग्यावरून घसरले आणि मनगटावर टपकले. हवेतल्या ढगात हेच घडते. ढगाचा एक थेंब साधारण १० ते २० मायक्रोमीटरचा असतो आणि पावसाचा एक थेंब बनायला असे सुमारे दहा लाख थेंब एकत्र यावे लागतात. हवेत कण जास्त असले तर तेवढेच पाणी जास्त थेंबांत वाटले जाते, थेंब लहान राहतात, ढग अधिक पांढरा दिसतो, सूर्यप्रकाश अधिक परतवतो आणि पाऊस पडायला उशीर लागू शकतो. पृथ्वी किती तापणार याच्या आकडेमोडीत सगळ्यांत मोठी अनिश्चितता ज्या मुद्द्यांत आहे, त्यांतला हा एक मुद्दा. तो मी तीन अंश तापमानात, स्वतःच्या हातमोज्यावर पाहिला.

इथे जाणाऱ्यांसाठी चार शब्द. चढ-उताराला सात ते नऊ तास लागतात, मला दहा लागले. खाली ऊन असले तरी वर हिवाळा असतो. टोपी, हातमोजे, जलरोधक कपडे आणि जादा अन्न हवेच. माथ्यावर ढग असेल तर कड्यांच्या घळी वाटेच्या अगदी जवळ येतात, म्हणून नकाशा आणि होकायंत्र बरोबर ठेवावे आणि माथ्यावरून उतरण्याच्या दिशा आधीच लिहून घ्याव्यात. फोनवर विसंबून राहू नये. आमच्या फोनची बॅटरी थंडीने माथ्यावरच मान टाकून बसली.

पाचवा दिवस : लिनीच्या किनाऱ्यावर

गुडघे दुखत होते, तरीही हा दिवस चुकवायचा नव्हता, कारण अमावास्येची मोठी ओहोटी होती. फोर्ट विल्यमच्या दक्षिणेला कॉरनची सामुद्रधुनी आहे, आणि तिथली फेरीबोट पायी माणसाला फुकट पलीकडे नेते. एटकन यांनी कण मोजलेले किंगेरलॉक लॉक लिनी नावाच्या याच खाडीच्या पश्चिम काठावर, पण आणखी दूर आहे. तिथवर जायला गाडी लागते आणि ती आमच्याकडे नव्हती, म्हणून फेरीबोट उतरवते त्या अरडगोरच्या बाजूलाच खडकांवर बसलो. चिलटांसारख्या ‘मिज’ नावाच्या माश्यांनी पहिली पंधरा मिनिटे जीव नकोसा केला. वारा सुटला तशा त्या नाहीशा झाल्या. सप्टेंबरपर्यंत इकडे येणाऱ्यांनी डोक्यावर घ्यायची जाळी जरूर आणावी.

पाणी मागे हटले तसे समुद्रशैवाल उघडे पडत गेले. वरच्या खडकांवर फुगे असलेले तपकिरी शैवाल, आणि अगदी खाली, पाण्याच्या कडेला, पट्ट्यांसारखी रुंद, चकचकीत पाने. एकेकाळी या पश्चिम किनाऱ्यावर शैवाल जाळून राख करण्याचा मोठा धंदा होता. राखेतून सोडा आणि पुढे आयोडिन काढत. आयोडिन सापडले तेही शैवालाच्या राखेतच, १८११ मध्ये. मी एक पान हातात घेतले. ते कातड्यासारखे जाड आणि बुळबुळीत होते आणि त्याला औषधाच्या कपाटासारखा वास होता.

एटकन यांच्या शेवटच्या काळातल्या कामाचा धागा इथे आहे. त्यांना पश्चिम किनाऱ्यावर आढळले, की ओहोटीने उघड्या पडलेल्या किनाऱ्यावर ऊन पडले की हवेतल्या कणांची संख्या एकदम वाढते. जवळ गाव नाही, धूर नाही, तरी कण. म्हणजे ते कुठून तरी उडून आलेले नव्हते, तिथेच हवेत जन्मले होते. १९११ च्या सुमाराची ही नोंद नंतर कित्येक दशके कोणी फारशी पुढे नेली नाही. मग आयर्लंडच्या पश्चिम टोकावरच्या मेस हेड केंद्रात याच घटनेचा पाठलाग झाला आणि २००२ मध्ये शास्त्रज्ञांनी शैवालातून सुटणाऱ्या आयोडिनयुक्त वाफांकडे बोट दाखवले. ओहोटीत उघडे पडलेले शैवाल आयोडिन सोडते, ऊन त्याचे रेणू तोडते, ओझोनशी त्याची क्रिया होते, आयोडिनची ऑक्साइडे आणि आयोडिक आम्ल तयार होते, आणि या रेणूंचे पुंजके एक-दोन नॅनोमीटरचा (नॅनोमीटर म्हणजे मायक्रोमीटरचा हजारावा भाग) नवा कण बनवतात. जिनेव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत ‘क्लाउड’ नावाच्या मोठ्या पोलादी कक्षात हेच परत करून पाहिले गेले आणि आयोडिक आम्लापासून कण किती झपाट्याने बनतात हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. असा कण वाढत वाढत पन्नास-शंभर नॅनोमीटरपर्यंत पोहोचला, तरच तो ढगाचे बी होतो. बहुतेक वाटेतच दुसऱ्या कणांना चिकटून संपतात.

“म्हणजे हवेत घनपदार्थ नुसत्या वायूंपासून तयार होतो आणि मी तेहतीस वर्षे हवेच्या धड्यात फक्त टक्केवारी शिकवली,” मी म्हणाले. मुक्ता म्हणाली, “मावशी, मला पहिले समीकरण तूच शिकवलेस.” मग थोडा वेळ आम्ही काहीच बोललो नाही.

साडेअकराच्या सुमारास ढग फाटले आणि उघड्या खडकांवर ऊन पडले. ओल्या शैवालातून वाफ निघू लागली, वास उग्र झाला. मुक्ताने सवयीने यंत्र काढून पाहिले. आकडा २ वर स्थिर होता. आमच्याभोवती त्या घटकेला नवे कण जन्मत असतील तर ते या यंत्राला दिसण्याइतके मोठे नव्हते. तिने वही काढली, वेळ, वाऱ्याची दिशा, ऊन आणि ओहोटीची पातळी लिहिली, आणि वही माझ्यापुढे केली. मी खाली शैवालाच्या दोन जातींची वर्णने आणि वासाची नोंद लिहिली. दुपारी पाणी परत चढू लागले, रुंद पानांची टोके आधी उचलली गेली, मग तरंगली, मग बुडाली. बूट भिजायच्या आत आम्ही धक्क्याकडे निघालो, तेव्हा पलीकडून फेरीबोट सुटलेली दिसत होती आणि बेन नेव्हिसच्या माथ्यावर कालचाच ढग बसलेला होता.